न घेतलेलं नाव

उसोनने मेंढा कापला की वासावर अर्धं नारिन गाव गोळा होतं. त्या रविवारी मात्र त्याने फक्त घरच्यांना बोलावलं होतं. आणि घरचे जमले की बाहेरच्यांची गरजच उरत नाही, हे या घराण्यात आता पोरासोरांनाही ठाऊक होतं.

तेमिरकुल दारात बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. आतून हसण्याचा आवाज येत होता.

"काय झालं? कंबर धरली?" मागून बायकोने विचारलं.

"नाही. नाडी सुटेना."

"तुमच्या बुटांना नाडी कुठाय?" बुरुल म्हणाली आणि त्याला वळसा घालून आत गेली. गुरुवारपासून ती त्याच्याशी एवढंच बोलत होती, कामापुरतं आणि टोचून.

आत, दाराच्या बरोब्बर समोर मानाच्या जागी कालिपा आपा बसली होती. तेमिरकुल आणि उसोन या दोघा भावांची आई. गुडघे गेलेले, दात गेलेले, कान तेवढे शाबूत. तिच्या उजव्या हाताची गादी थोरल्यासाठी मोकळी ठेवली होती. आणि दाराशी, सामोवारजवळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधून असिलकान बसली होती, तेमिरकुलची सून. पहाटेच येऊन तिने बोरसोकचं पीठ मळलं होतं, तळणही तिनेच काढलं होतं, आणि आता सगळ्यांच्या वाडग्यांत चहा ओतत होती. धाकट्या सुनेचं कामच ते. आज मेंढा कापला गेला तो विद्यापीठातल्या एका नोकरीसाठी, आणि ती नोकरी हिची हुकली होती, एवढंच काय ते वेगळं.

"या बाइके, या!" थोरल्या दादाला 'बाइके' म्हणत उसोन उठून दोन्ही हात पुढे करत आला. "विभागप्रमुख आले! आता खरी बैठक भरली."

"बस रे, बस. एवढं काय."

"एवढं काय कसं? आपल्या खानदानात तुमच्यानंतर पहिला माणूस विद्यापीठात चालला. माझा पोरगा! मेंढरामागे फिरणाऱ्याचा पोरगा!"

नुर्दिन, म्हणजे तो पोरगा, कोपऱ्यात नवीन सदऱ्याची कॉलर बोटाने सैल करत बसला होता. त्याने मोठ्या काकाकडे पाहिलं आणि लगेच नजर सतरंजीकडे वळवली. तेमिरकुलला बरं वाटलं, निदान एकाला तरी तोंड दाखवायची लाज वाटतेय. मग स्वतःचं आठवलं आणि ते बरं वाटणंही गेलं.

असिलकानने त्याच्यापुढे वाडगा धरला. उजवा हात पुढे, डावा कोपराखाली. तळाशी घोटभर चहा. थोरल्याला चहा असा घोटघोटच द्यायचा, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि चालू लागा. या घरात लग्न होऊन आल्यापासून सुनेने त्याला असाच, घोटभर चहा दिला होता. आजही तसाच. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

कित्येक वर्षांनी विद्यापीठाने हिमनद्यांच्या विभागात एक जागा काढली होती. एकच. शिकवायचंही आणि संशोधनही करायचं. अर्ज बरेच आले, पण खरे दोघांचे. नुर्दिन आणि असिलकान. गुरुवारी दोघांनी निवड समितीपुढे, सगळ्यांसमोर, एकेक पाठ दिला होता. दोघं एकाच घरचे म्हणून बाहेर लोक हसले, पण नारिनमध्ये कोण कुणाचा नाही? असिलकान दर उन्हाळ्यात वर जाऊन बर्फ मोजायची, पोटुशी असतानाही गेली होती. तिचा नवरा, तेमिरकुलचा एर्मेक, सीमेपलीकडे, अल्माटीत इमारतींच्या कामावर होता. बायकोला इथे पक्की नोकरी लागली की तो घरी परतणार आणि चार वर्षांची नात आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढणार, असं सगळं ठरलेलं. तेमिरकुलने स्वतःच तर ठरवलं होतं. अंगणात खोल्याही वाढवल्या होत्या.

मग मागच्या महिन्यात उसोन त्याच्या कचेरीत आला. कधी न येणारा. खुर्चीच्या टोकावर बसून टोपी चुरगाळत राहिला.

"बाइके, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. हीच तर पंचाईत होती. वडील बर्फाच्या लोटाखाली गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. एकाने कळप सांभाळायचा होता. हुशार कोण, यावर दुमत नव्हतं. हुशार उसोन होता. पण थोरला तेमिरकुल होता. थोरला शहरात गेला आणि धाकटा मेंढरांमागे. त्यावर उसोन जन्मात एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर कधीच फिटलं असतं.

"या वेळी मागतोय," उसोन म्हणाला होता. आणि तेमिरकुल म्हणाला होता, "बघू." आपल्या माणसात 'बघू' म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं.

सायरा, उसोनची बायको, भलीमोठी परात घेऊन आली. वाफाळतं मटण. उसोनने बाह्या सरसावल्या आणि वाटणी सुरू केली. कोणतं हाड कुणाला, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. कंबरेचं मोठं हाड म्हणजे मानाचं हाड. ते त्याने दोन्ही हातांनी उचलून तेमिरकुलच्या ताटात ठेवलं.

"घ्या बाइके. तुमचंच आहे. तुम्ही नसतात तर हा दिवस दिसला नसता."

"अगदी खरं हो," बुरुल गोड आवाजात म्हणाली. "यांनी तर तोंडातून चकार शब्द न काढता काम केलं."

सायराला त्यातली मेख कळली नाही. "भावजींचं मन मोठं हो! घरची सून समोर असताना पुतण्याला न्याय द्यायचा, सोपं का आहे?"

तेमिरकुलने सुरी उचलली. ताटातल्या हाडाकडे पाहिलं. सुरी पुन्हा खाली ठेवली.

"खा की रे," आपा म्हणाली. "का मेंढा जून निघाला?"

"खातो, आपा. गरम आहे."

आपाने सुनेकडे मान वळवली. "असिल, तूही ये गं इकडे, दोन घास खा. जीव लहान करू नकोस. पुढल्या खेपेला तुझं होईल. नुर्दिन तुझ्यापेक्षा बरं बोलला म्हणे त्या पाठाला."

"हो आपा," असिलकान म्हणाली. चहा ओतत राहिली.

"बोलायला थोडी शीक. आमच्यावेळी बायकांनी बोलायचं नसायचं. आता बोलावं लागतं."

इथे उसोनला राहवलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण आनंद आणि वोडका दोन्ही त्याला झेपत नसत. "बोलणार काय, आपा? मी मागे बसलो होतो ना! राजधानीतून, बिश्केकहून ती बाई आली होती, गोरी, चष्मेवाली, परीक्षक. आपली सूनबाई मस्त बोलत होती हां, खोटं का बोला. पण सगळा वेळ आपलं 'थोरल्यांचा बर्फ', 'थोरल्यांचा बर्फ'. ती बाई म्हणाली, हा कुठला बर्फ? या हिमनदीला नाव आहे ना? नाव सांगा! आणि आपली सून?" उसोनने हाताने तोंड झाकून डोळे मोठे केले. "मुकी! बाई पुन्हा विचारते, नाव काय? ही नकाशाकडे बोट दाखवते. बाई वैतागली. म्हणाली, जिच्यावर शिकवणार तिचं नावच येत नाही? आणि झालं! मग आमच्या नुर्दिनने खणखणीत…"

तो हसत होता. सायराही हसली. मग दोघांच्याही ध्यानात आलं की आणखी कोणी हसत नाहीये.

आपाने हातातलं बोरसोक ताटात ठेवलं होतं.

"कुठल्या हिमनदीचं नाव?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. नारिनच्या वरची ती मोठी हिमनदी, जी पहिल्यांदा तेमिरकुलच्या वडिलांनी मोजली, जिच्यात खांब रोवले आणि जिच्याजवळच ते गेले. सरकारने तिला त्यांचंच नाव दिलं होतं. नकाशावर छापलेलं. आणि सासरच्या थोरांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नसतं. सासऱ्याचं नाही, आजेसासऱ्याचं तर नाहीच नाही, आणि सासरा समोर बसलेला असताना जीव गेला तरी नाही.

"मी शिकवलं होतं तिला," आपा हळू म्हणाली. "आली तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझं शिक्षण मोठं असेल बाई, पण या घरात थोरांचं नाव जिभेवर नको. मीच सांगितलं." तिने असिलकानकडे पाहिलं. "म्हणून गप्प बसलीस?"

"जाऊ दे ना, आपा."

"जाऊ कसं दे? त्या गोऱ्या बाईला ठाऊक नसेल आपली रीत. तिला सांगायला कुणी नव्हतं का तिथे? आपलं माणूस कुणीच नव्हतं?"

होतं की. समितीतली दोन माणसं इथलीच होती, त्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं होतं, कारण अध्यक्षच गप्प, तर आपण कशाला? आणि अध्यक्षाच्या खुर्चीत तेमिरकुल स्वतः होता. नाव विचारल्यावर असिलकानने मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाई, ही माझी सून आहे, माझ्या वडिलांचं नाव ती घेऊ शकत नाही. एवढंच. त्याने समोरचं पाणी प्यायलं होतं. नंतर स्वतःला समजावलं, बोललो असतो तर लोक म्हणाले असते सुनेची बाजू घेतली. किती छान कारण! चार दिवस तेच चघळत होता. आता ते तोंडात कडू झालं होतं.

"आपा, जेवून घ्या आधी," बुरुल म्हणाली. नवऱ्यावर कितीही राग असला तरी दिराच्या घरी पंगतीत त्याची अब्रू जावी, हे काही तिला बघवेना. "घरी गेल्यावर बोलू."

"घर काय, हे घर नाही?" आपाचा आवाज चढला. "तेमिर, तू होतास ना तिथे?"

"होतो."

"मग?"

सत्तावन्न वर्षांचा माणूस, हाताखाली तीस जण, आणि आईपुढे तो वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखा बसला होता.

उसोनचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "असं कोंडीत काय पकडतेस त्याला, आपा? नियमाने झालंय सगळं. तिने नाव घेतलं नाही, नुर्दिनने घेतलं. त्यात बाइकेंची चूक काय?"

"नुर्दिनचा तो आजोबा आहे रे गाढवा! नातवाला नाव घ्यायला कुणाची बंदी आहे?"

"मग सुनांनी पाठच देऊ नयेत!" सायरा मध्येच बोलून गेली आणि जीभ चावली. सून तर तीही होती.

"त्या बाईंना मी तरी सांगायला हवं होतं," नुर्दिन म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "मला कळत होतं वहिनी का गप्प आहे. मी दाराशी उभा होतो. बाबा, माझा पाठ कुणी बसवून घेतला, माहितेय? वहिनीने. सगळी मोजमापं तिची. आदल्या दिवशी तिने मला दोनदा म्हणून दाखवायला लावला. म्हणाली, दोघांपैकी कुणालाही लागली तरी नोकरी घरातच येईल."

"गप्प बस!" उसोन ओरडला. "तुझ्यासाठी मी…"

"माझ्यासाठी मागितलंत, पण मला विचारलंत का?"

'मागितलंत' हा शब्द खोलीत पडला आणि तिथेच राहिला. आपाने आधी एका मुलाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तिला कळायला वेळ लागला नाही. दोघांनाही तिनेच तर वाढवलं होतं.

"म्हणजे असं आहे होय," ती म्हणाली. "मेंढरांचा हिशोब चुकता केलात तुम्ही. तुमचा तुमच्यात. आणि भरायला लावलंत हिला, जी तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती."

"आपा…" तेमिरकुल म्हणाला.

"थांब." तिने सतरंजीवर हात टेकून पाठ ताठ केली. "सादिर."

नवऱ्याचं नाव कालिपा आपाने जन्मात उच्चारलं नव्हतं. लग्नात नाही, प्रेत खाली आणलं तेव्हाही नाही. तेव्हा ती 'अहो, अहो' करूनच रडली होती, आणि ते रडणं दोन्ही मुलांना अजून ऐकू येत असे.

"सादिर," आपा पुन्हा म्हणाली. "घेतलं मी. आभाळ नाही कोसळलं. तो माणूस आयुष्यभर लोकांना सांगत फिरला की बर्फ वितळतोय, मोजा, लिहून ठेवा. आणि त्याच्याच नावापायी त्याचा बर्फ मोजणारी घरी बसते? असिल, मी घातलेली बंदी मी उठवली. ये इकडे, पुढे ये. ज्याचं नाव घ्यायची गरज असेल त्याचं घे. इथे, सगळ्यांसमोर."

असिलकान उठली नाही. सामोवारापाशीच बसून राहिली, पण मान वर केली. पांढऱ्या रुमालाखाली तिचा चेहरा अगदी शांत होता.

"मी सादिर हिमनदीवर बोलत होते," ती म्हणाली. "नाव मला येतं. मला तिची एकेक भेग माहिती आहे. आणि अध्यक्षांच्या खुर्चीत तेमिरकुल होते. तेमिरकुल सादिरोविच. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी का गप्प आहे ते त्यांना कळलं. मग त्यांनी पाणी प्यायलं."

तेमिरकुलने आपलं नाव हजार तोंडांतून ऐकलं होतं. सभांमध्ये, सत्कारात, विद्यार्थ्यांच्या हजेरीत. सुनेच्या तोंडून कधीच नाही, बापाच्या नावासकट तर नाहीच. 'बाबा' म्हणायची ती. त्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आवाज चढवला नव्हता तिने. साक्षीदाराचं नाव सांगावं तसं सांगितलं होतं.

"कळलं होतं," तो म्हणाला. घसा खाकरला, पुन्हा म्हणाला, कारण पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. "मला कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसलो. उसोनला शब्द दिला होता. बाकी जे काही सांगत फिरलो ते सगळं खोटं."

"बाइके!" उसोनचा आवाज फाटला. "मग माझं काय? मी काय दिलं होतं तुम्हाला, आठवतं?"

"आठवतं. रोज आठवतं. पण ते माझं देणं होतं, तिच्या ताटातलं उचलून द्यायचा मला अधिकार नव्हता." त्याने समोरचं मानाचं हाड ताटासकट उचललं आणि सतरंजीवरून पुढे सरकवलं, सामोवाराच्या दिशेने. "ठरावावर माझी सही अजून झालेली नाही. उद्या तो कुलगुरूंकडे जाणार नाही. पाठ पुन्हा होतील. मी सांगेन का ते, सगळ्यांसमोर सांगेन. आणि त्या खुर्चीत मी नसेन."

उसोन उठला आणि बाहेर निघून गेला. अंगणात त्याने लाथेने बादली उडवली, ती गडगडत जाऊन कुंपणाला लागली. नुर्दिन बापामागे गेला नाही.

बुरुलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ऐकलंस ना पोरी?" ती सुनेला म्हणाली. "पुन्हा होणार पाठ. आता तूच."

असिलकानने ताटाकडे पाहिलं. हात लावला नाही.

"मी नाही देणार, आई. शुक्रवारी अल्माटीच्या संस्थेचा फोन आला होता. मागच्या वर्षीपासून बोलावतायत, मीच टाळत होते. म्हटलं, घर सोडून कुठे जायचं? या वेळी मी हो म्हटलं. एर्मेकला सांगितलंय. शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला घेऊन जाते. नुर्दिन चांगलं शिकवेल. माझी मोजमापं मी त्याला देऊन जाईन."

"वहिनी, नको ना," नुर्दिन म्हणाला. एवढंच.

"सुने," तेमिरकुल म्हणाला. अंगणातल्या नव्या खोल्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. नात त्यातली एक आपली म्हणून दाखवायची.

असिलकान उठली. त्याचा रिकामा वाडगा घेऊन गेली, सामोवाराची तोटी सोडली आणि चहा ओतला. ओततच राहिली. वाडगा भरत आला, आणखी भरला, काठाशी येऊन थरथरला. मग तिने तो दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता, त्याच्यासमोर आणून ठेवला. मान झुकवली, रीत असते तशीच.

आपाने डोळे मिटून घेतले.

तेमिरकुलने वाडगा उचलला. चहा तोंड भाजण्याइतका गरम होता. त्याने तो सगळ्यांदेखत, मध्ये न थांबता, तळापर्यंत प्यायला आणि बूट घालायला उठला. बुरुल जागची हलली नाही.